लाईट जायची जागा

आमच्या शिनोलीतल्या किश्श्यांचं सोपानच्या गिरणीतल्या पिठासारखं आहे. मुद्दाम कुणी साठवत नाही. नुसतं बसून राहिलं तरी अंगावर साचतं!

दादा नव्या शास्त्रीय रचना करतात आणि सतार वाजवतात. सोपान गिरणी बंद केली की तबल्यावर बसतो. मी पेटी वाजवतो. माझी शाळा आठवीत सुटली. चारचौघांत बोलायला अजूनही जमत नाही, पण पेटीवर हात असले की कुणी बोलायला सांगत नाही, ते बरं आहे.

*

सकाळी दादा ओट्यावर बसून समोरच्या डोंगरावरचं धुकं बघत राहायचे. चहा गार व्हायचा. शेजारच्या सखुआजीनं एकदा वहिनींना विचारलं, "बरं न्हाई का त्यास्नी?"

"कामात आहेत," वहिनी म्हणाल्या.

आजीनं धुक्याकडे पाहिलं, मग दादांकडे. "असलं काम आमच्या म्हाताऱ्याला बी बघा की!"

*

भीमाशंकरच्या रस्त्यावर एकदा मेंढरांचा कळप आडवा आला. दादांनी जीप थांबवली आणि डोळे मिटले. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा जवळ आल्या, आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या आणि लांबच्या वळणावर विरल्या. दादा उतरून मेंढक्यामागे धावले.

"पावणं, पुन्हा एकदा आणता का?"

तो म्हणाला, "भाऊ, मेंढरं हायती ही. कॅसेट न्हाई!"

*

त्या घंटा दादांच्या नव्या रचनेत आल्या, त्याही साडेसात मात्रांत. सोपान वैतागला. "दादा, ती अर्धी मात्रा ठिवू कुठं?"

"चालताना पाय उचललास, पण अजून टेकला नाहीस. तिथं."

दुसऱ्या दिवशी सोपान घोडेगावच्या बाजारातून लंगडत आला. "घावली, दादा! पण गुडघा फुटला राव!"

*

ही रचना पुण्याच्या एका हॉलमध्ये वाजवायचं ठरलं. दादांची रचना लोकांसमोर पहिल्यांदाच येणार होती. वहिनींनी बजावून ठेवलं होतं, "हे नाही जमलं, तर मंचरला सतारीचा क्लास काढायचा." दादा हो म्हणाले होते. अडचण एवढीच, की रचनेला शेवट नव्हता!

आम्ही तालमीला दिवेलागणीला बसायचो. तिसरा भाग संपत आला की लोडशेडिंग! विजेवरचा तानपुरा गप्प व्हायचा आणि आम्ही हात मांडीवर ठेवायचो. अंधारात दादा म्हणायचे, "शेवट उद्या बघू." रोज हेच.

निघायच्या सकाळी ते म्हणाले, "तिसरा भाग झाला की सुरुवातीचाच मुखडा घ्या. संपवून टाकू." चेहरा पार उतरला होता.

*

पुण्यात हॉल भरला होता. मी मान वर केलीच नाही. तिसरा भाग संपत आला, घंटा लांबच्या वळणावर गेल्या आणि माझे हात आपोआप मांडीवर आले. शेजारी पाहिलं, तर सोपानचेही मांडीवर. दादांचाही हात सतारीवरून उतरला होता. मुखडा कुणीच घेतला नाही!

तानपुरा मात्र चालूच होता. एकटाच. त्या जागी तो आम्ही कधी ऐकलाच नव्हता. सकाळचं धुकं डोंगरावरून उतरावं, तसा तो सगळ्या हॉलवर पसरत गेला. कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत वहिनी पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

सोपान घाबरून पुटपुटला, "दादा, लाईट गेलीच न्हाई!"

दादांचे डोळे मिटलेले होते.

"गप. ऐक."