'सावधान'च्या खालची ओळ

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. तुमचे अनुभव चहा पीत वाचायचे, थोडं हसायचं, फोन ठेवून द्यायचा... एवढंच. भुतंखेतं, बाहेरची बाधा, काहीच मला पटत नाही. अजूनही पटत नाही, हे आधीच सांगते. माझा धंदा लग्नसमारंभांची व्यवस्था बघण्याचा. तिथे ज्यांच्या ज्यांच्या अंगात येतं ते सगळे जिवंत नातेवाईक असतात. तरी लिहितेय, कारण घरात हे कोणाला सांगायची सोय मी ठेवलेली नाही.

फरिदाबादला मेट्रो स्टेशनपासून ऑटोने दहा मिनिटांवर एक बंद पडलेली कापडगिरणी आहे. लाल विटांच्या भिंती, उंच छत, वर लोखंडी तुळया. मी आणि माझी पार्टनर मिळून ती चालवायला घेतली. उन्हाळ्यात चित्रांची प्रदर्शनं, नाटकाची वर्कशॉप्स, आणि थंडी पडली की लग्नंच लग्नं. दिल्लीकरांना पडकी भिंत फार आवडते, फक्त ती नीट पुसलेली हवी.

मोठ्या हॉलच्या भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरांत 'सावधान' लिहिलेलं होतं, गिरणीच्या काळातलं. त्याखाली बारीक अक्षरांत हिंदीत एक ओळ होती. मी ते 'सावधान' पाहिलं आणि माझ्यातली मराठी मुलगी टुणकन उडालीच. म्हटलं, अरे यार, याच्या वर 'शुभमंगल' लिहायचं! पेंटरकडून ते तशाच लाल अक्षरांत लिहून घेतलं. खालची ओळ फोटोत घाण दिसत होती, ती पुसायला सांगितली. समोरच जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. त्यावर फरशी बसवून आम्ही स्टेज केलं.

गेटवर रामपालजी असतात. याच गिरणीत आयुष्य काढलं, आता आमच्याकडे गार्ड आहेत. पेंटर ओळीवर ब्रश फिरवत होता तेव्हा ते आत आले आणि म्हणाले, "मैडम, ये लाइन रहने देते तो अच्छा था." मी फोनवर होते. हातानेच 'हो हो, बघू' केलं. ती ओळ मी तेव्हा रोज येताजाता बघत असणार, पण वाचली एकदाही नाही.

यानंतर दोन वर्षांनी माझ्या भाचीचं, म्हणजे मिलिंददादाच्या गार्गीचं लग्न ठरलं. मुलगा पंजाबी, दोघं एकाच ऑफिसात. आत्याचाच हॉल असताना दुसरीकडे कोण जाणार! मुहूर्त सकाळी अकरा बेचाळीसचा.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आमचं लहानपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमधलं. बाबांचा एकच नाद, मंगलाष्टकं रचायची. दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांतली लग्नं बाबांच्या मंगलाष्टकांनी लागली आहेत. मुलीची आजी, मुलाचे मामा, सगळ्यांची नावं वृत्तात चपखल बसवायचे आणि खड्या आवाजात स्वतः म्हणायचे. गार्गीच्या वेळी ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पंजाबी व्याह्यांची नावं शार्दूलविक्रीडितात बसेनात म्हणून पंधरा दिवस झगडत होते. मला दिल्लीतल्याच द्वारकेहून, त्यांच्या घरून, फोन करून विचारायचे, "सुजू, 'हरमिंदर'चा 'ह' जरा लांबवला तर ते रागावतील का गं?"

गिरणीत ते त्या दिवशी पहिल्यांदाच आले. भिंत बघून म्हणाले, "वा, हे छान केलंस." मला केवढं बरं वाटलं होतं.

अंतरपाट धरला. तीनशे माणसं, अर्धी मराठी, अर्धी पंजाबी. बाबांनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, सगळे 'शुभमंगल सावधान' म्हणाले, अक्षता पडल्या. दुसरं झालं. पण दर वेळी 'सावधान' म्हणून झालं की बाबा जरा थांबत होते, मान कलती करून, जसं कोणाचं तरी बोलणं संपायची वाट बघताहेत. तिसऱ्यानंतर थांबले ते थांबलेच.

मी बाजूला मिनिटामिनिटाचं वेळापत्रक घेऊन उभी. अकरा चाळीस. मी डोळ्यांनी खुणावलं. बाबांनी खाली स्टेजच्या फरशीकडे बघितलं आणि माइकमध्येच म्हणाले, "खाली कोण आहे?" मग हिंदीत, "नीचे कौन है भई? पहले उसको ऊपर लो."

गार्गीचा चेहरा उतरला. दादा माझ्याकडे बघायला लागला. आणि मी जे बारा वर्षं करत आलेय तेच केलं... मॅनेज केलं. हसत पुढे गेले, बाबांच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हटलं, "आजोबांचं आता वय झालंय ना, थोडं होतं असं. उम्र हो गई है जी. गुरुजी, तुम्ही घ्या पुढचं." लोक हसले. वाईट नाही, प्रेमानेच हसले. गुरुजींनी उरलेली मंगलाष्टकं म्हटली आणि मुहूर्त एका मिनिटानेही चुकला नाही.

बाबांनी हातातला कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसले. हरमिंदरजींचं नाव पाचव्या मंगलाष्टकात होतं, ते राहूनच गेलं.

जेवणाच्या वेळी मी त्यांच्यासाठी जिलबी-मठ्ठा घेऊन गेले. म्हणाले, "सुजू, मी विसरलो नव्हतो. आपण 'सावधान' म्हटलं की मागून एक माणूस पुढचं म्हणत होता. 'नीचे आदमी है, बटन मत दबाना.' तीनदा म्हणाला."

"बाबा, प्लीज. आज नको."

"बरं," म्हणाले आणि मठ्ठा पिऊन टाकला.

व्हिडिओ मी नंतर दहा वेळा पाहिला. कसलाही आवाज नाही. गुरुजींना विचारलं, कॅमेरावाल्याला विचारलं, कोणी काही ऐकलं नव्हतं. म्हणजे बाबांना भास झाला. वय झालं की होतं, हे मी स्वतःला पटवलं, डॉक्टरलाही विचारून ठेवलं.

त्यानंतर बाबांनी एकही मंगलाष्टक लिहिलं नाही. लोकांचे फोन यायचे, काका, आमच्या मुलाचं आहे. बाबा म्हणायचे, "आता नाही जमत. माझं वय झालंय म्हणतात." अगदी साधेपणाने म्हणायचे, टोमणा नाही. मी समोर बसून ऐकायचे.

पाचसहा महिन्यांनी एका दुपारी मी रामपालजींबरोबर गेटवर बसले होते. सहज विचारलं, त्या ओळीत काय होतं हो? म्हणाले, "लिखा था, सावधान, नीचे आदमी है, बटन मत दबाना." मी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांनी सांगितलं ते असं. स्टेजखाली कापड रंगवायची टाकी होती, आत रंग ढवळायचा पंखा. टाकी धुवायला माणूस आत उतरायचा. एकदा एक जण आत असताना वरून कोणीतरी बटण दाबलं. "बोर्ड उसके बाद लिखवाया, मैडम." त्यानंतर आत कोणी उतरलं की वरचा माणूस त्या भिंतीपाशी उभा राहून ते वाक्य मोठ्याने म्हणत राहायचा, काम संपेपर्यंत. गिरणीचा रिवाजच तो.

मी पेंटरला फोन केला. त्याच्याकडे पुसण्याआधीचा फोटो निघाला. तेच शब्द. बाबांनी सांगितले ते, एकही इकडचा तिकडे नाही.

बाबांना मी कधी असा फोटो पाठवला होता का, हे सगळे जुने मेसेज उकरून पाहिलं. नाही. दादालाही विचारलं, का ते न सांगता. तोही नाही म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याच संध्याकाळी द्वारकेला जायचं, बाबांचे पाय धरायचे. नाही गेले मी. सीझन सुरू होत होता. आणि खरं सांगू? गेले असते तर तीनशे माणसांसमोर काय बोलले ते पुन्हा तोंडाने उच्चारावं लागलं असतं. म्हटलं, सीझन संपू दे, निवांत बोलू. बाप कुठे पळून जातोय.

बाबा गेल्या थंडीत गेले. छातीत कफ झाला, तेवढंच निमित्त. तेराव्यानंतर एका मंगळवारी भर दुपारी मी स्टेजची फरशी फोडून घेतली. रामपालजी शेजारी उभे होते, पूर्ण वेळ ते वाक्य पुटपुटत. झाकण उघडलं. कोरडी टाकी, तळाशी धूळ, तुटका पाइप. बाकी काहीच नाही. टाकी आम्ही बुजवली नाही. ओळ पुन्हा लिहून घेतली, फोटोत काय दिसायचं ते दिसो.

बाबांनी काय ऐकलं, त्यांनाच का ऐकू आलं, हे मला आजही माहीत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी रोज येऊन बघेन. पण मी हे सगळं लिहायला घेतलं ते त्यासाठी नाही.

हॉस्पिटलमध्ये, जायच्या दोन दिवस आधी, बाबांनी विचारलं, "सुजू, त्या माणसाला वर घेतलं का गं?" तेव्हा झाकणाला मी हातही लावलेला नव्हता. मी म्हटलं, "हो बाबा. घेतलं."

काही विचारलं नाही त्यांनी. कधी, कसं, कोण होता, काही नाही. "बरं झालं," म्हणाले. माझ्या शब्दावर त्यांनी तिथल्या तिथे विश्वास ठेवला.