बूट फाइल कुणी बदलली

त्याला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत ऐकली की लोक शेवटी हमखास विचारतात, "पण आता राग गेला ना?" गेला नाही.

आम्ही दोघं एकाच बॅचमधून कंपनीत लागलो. मी शिरवण्याची, आगरी घरातली. ऑफिस एमआयडीसीत, घरापासून इतकं जवळ की सकाळचा डबा पोचेपर्यंत गरम असायचा. तो साताऱ्याकडचा. घणसोली गावात मित्रांबरोबर भाड्याची खोली घेऊन राहायचा. मेसचं खाऊन त्याचं पोट सारखं बिघडायचं. हे मी घरी सहज बोलले आणि आईनं ते मनावर घेतलं. "आज कोलंबी हाय, त्याला घेऊन ये," असं ती दर रविवारी सांगायला लागली. आमच्या ओटीवर बसून तो बोंबलाचा काटा काढून खायला शिकला. गावच्या जत्रेच्या, तिथल्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगून माझ्या वडिलांना हसवायचा. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठीच, की पुढं त्याने जे केलं ते कुणा परक्यानं केलेलं नव्हतं.

आमचं काम मोठ्या ग्राहकांना व्हर्च्युअल मशिन तयार करून देण्याचं. अशी मशिनं एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात शेकड्यांनी राहतात. नवं मशिन सुरू होतं तेव्हा ते अगदी कोरं असतं. ते नेटवर्कवर हाक मारतं, मला पत्ता द्या. बूट सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि कुठली फाइल उचलायची ते सांगतो. त्या बूट फाइलनं मशिन जागं होतं, मग ऑपरेटिंग सिस्टीम आपोआप चढते. सगळं नीट असेल तर माणसाला हात लावावा लागत नाही. हा बूट सर्व्हर मी उभा केला होता आणि मीच सांभाळत होते.

माझ्या चुलतभावाची हळद होती, त्या दिवशी मी लवकर निघाले. आमच्याकडं हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. जाताना त्याला सांगितलं, "जरा लक्ष ठेव." तो म्हणाला, "तू जा बिनधास्त. मी आहे."

दुसऱ्या दिवशी ग्राहकाचं एकही नवं मशिन उठलं नाही. मशिनं पत्ता घेत होती, फाइल उचलत होती आणि काळ्या स्क्रीनवर थिजत होती. मी पोचेपर्यंत कॉन्फरन्स रूममध्ये मीटिंग भरली होती. मॅनेजर सरांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सर, काल तिला हळदीची घाई होती. जाता जाता बूट फाइल बदलून गेली वाटतं. जुन्या पद्धतीच्या मशिनना नव्या पद्धतीची फाइल लागली." कुणीतरी मागून म्हणालं, "हळदीत काय काय चढतं!" आणि सगळी खोली हसली. सरही हसले.

मी फाइलला हात लावला नव्हता. पण सर्व्हरचं लॉगिन सगळ्या टीमचं एकच होतं, त्यामुळं कुणी बदललं हे त्यावरून कळत नव्हतं. आठवड्याभरात माझी बदली हेल्पडेस्कवर झाली. पासवर्ड विसरलेल्या लोकांचे फोन घ्यायचे.

मी त्याला जिन्यात गाठलं. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "अगं, मला नव्या पद्धतीच्या मशिनवर जरा ट्राय करायचं होतं. परत जुनी फाइल टाकायची राहिली. माझं कन्फर्मेशन अडकलं असतं. तुझं काय, तू इथलीच. तुला कोण काढतंय?" वर म्हणाला, "काकूंना यातलं काही सांगू नको हं."

शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

मी घरी सांगितलंच. आईनं ऐकून घेतलं आणि त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचा, डबा शेजारी देऊन टाकला. मी मात्र काहीच केलं नाही. भांडले नाही, तक्रार केली नाही. तो टीम लीड झाला, तेव्हा त्यानं वाटलेला पेढा घेतला आणि खाल्लाही. दिवसभर लोकांचे पासवर्ड बदलायचे आणि घरी येऊन नेटवर्किंगचा अभ्यास करायचा. लोकांना वाटायचं, पोरगी जिद्दीची. जिद्द कसली? पुस्तकाच्या प्रत्येक पानावर मला त्याचं तोंड दिसायचं. नेटवर्क टीममध्ये जागा निघाली, मी परीक्षा दिली आणि निवडले गेले. आता त्याच्या सर्व्हरमधून निघणारं माहितीचं प्रत्येक पाकीट आमच्या रस्त्यानं जाणार होतं. मी वाट बघत राहिले.

त्यानं नवा बूट सर्व्हर उभारला आणि त्याचा डेमो ठेवला. दुपारची वेळ, ग्राहकाकडून एक वयस्कर मॅडम आणि त्यांचे सहकारी आलेले. कॉन्फरन्स रूम तीच. मोठ्या स्क्रीनवर काही मशिनं झरझर उठली आणि बाकीची "फाइल सापडली नाही" म्हणून थांबली. पुन्हा सुरू केली की वेगळीच थांबायची. त्यानं लगेच सांगून टाकलं, "नेटवर्कचा इश्यू आहे. आमच्या साइडनं सगळं ओके आहे." म्हणून फोन आमच्या टीमला आला, आणि मी खुर्चीतून उठले. दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही.

मला बघून त्याचा चेहरा उतरला. मी लॅपटॉप लावला आणि नेटवर्कवरचं बोलणं पकडलं, म्हणजे कोण कुणाला काय म्हणालं ते एकाखाली एक दिसायला लागतं. कारण लगेच समजलं. मशिन एक हाक मारत होतं आणि त्याला उत्तरं दोन येत होती. एक खऱ्या सर्व्हरचं, दुसरं कुणा भलत्याचं. जो आधी बोलेल त्याचं मशिन ऐकायचं. भलता आधी बोलला की जी फाइल अस्तित्वातच नाही तिचं नाव मशिनला मिळायचं.

मी त्याच्या कानात सांगू शकले असते. त्यानं गुपचूप ते बंद केलं असतं आणि डेमो पार पडला असता. हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी मोठ्या स्क्रीनची केबल ओढली आणि माझ्या लॅपटॉपला लावली.

"वाच," मी म्हणाले.

"तूच सांग ना," तो हळू आवाजात म्हणाला.

"सर्व्हर तुझा आहे. तू वाच."

"मशिननं पत्ता मागितला," त्यानं वाचलं. "आपल्या सर्व्हरनं दिला."

"त्याच्या वर काय आहे?"

त्यानं वरची ओळ बघितली. मग म्हणाला, "आणखी एकानं दिला."

ग्राहकाच्या मॅडमनी विचारलं, "हा दुसरा कोण?"

"हेच सांगतील, मॅडम," मी म्हणाले आणि त्याच्याकडं वळले. "पत्ता समोर आहे. मशिनच्या यादीत शोध."

"बाहेर बोलूया का जरा?" तो पुटपुटला.

"नाही. इथंच."

त्यानं शोधलं. यादीत एक टेस्ट मशिन निघालं, त्यानंच पत्ते वाटायच्या सरावासाठी बनवून चालू ठेवलेलं, आणि त्याला नाव दिलेलं त्याच्या गावाचं. त्या गावची जत्रा ऑफिसात प्रत्येकानं ऐकलेली होती. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. मी म्हणाले, "नाव मोठ्यानं वाच, मागं ऐकू आलं नसेल." त्यानं वाचलं. त्याचे कान लाल झाले होते. ते बघताना मला जे सुख झालं त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्यानं ते मशिन बंद केलं आणि बाकीची सगळी उठली. पाहुणे चहाला गेले. सर मला म्हणाले, "थँक्स. टेस्ट मशिन राहून जातं कुणाचंही."

"हळदीच्या दिवशीची बूट फाइलही तशीच राहिली होती," मी म्हणाले. "विचारा त्याला."

"जुनं कशाला उकरतेस आता?"

"सर, तेव्हा याच खोलीत सगळे हसले होते. तुम्हीही." मग त्याच्याकडं वळून मी म्हणाले, "त्या दिवसाचा बॅकअप काढायला सांगू? फाइल कधी बदलली ते त्यात असतं. मी तेव्हा मांडवात होते, अख्खं शिरवणं साक्षीला आहे."

इतका जुना बॅकअप कुणी ठेवलेला असेल याची मला अजिबात खात्री नव्हती. पण त्याला तेवढं पुरलं.

"मी बदलली होती, सर," तो टेबलाकडं बघत म्हणाला. "ती गेल्यावर."

या वेळी कुणी हसलं नाही. सर म्हणाले, चहा गार होतोय. माझी माफी कुणी मागितली नाही. त्याची टीम लीडची जागा मात्र गेली, आणि थोड्याच दिवसांत त्यानं राजीनामा टाकला. जाताना मला जिन्यात थांबवून म्हणाला, "एवढं सगळ्यांसमोर करायची गरज होती?"

मी म्हणाले, "तुझं काय, तू बाहेरचा. तुला कुठंही नोकरी मिळेल."

सरांनी मला जुन्या टीममध्ये परत बोलावलं. मी गेले नाही, नेटवर्कमध्येच राहिले.

मधे मी जासईला मावशीकडं निघाले होते. बंदरावरच्या कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता जाम केला होता, आमची रिक्षा जागची हलत नव्हती. तेवढ्यात त्याचा मेसेज आला, इतक्या काळानं पहिलाच. आता तो पुण्यात आहे. काळ्या स्क्रीनचा फोटो पाठवलेला आणि खाली, "नव्या सर्व्हरवर असं येतंय. काही सुचतंय का? अर्जंट आहे गं."

मी फोटो मोठा करून बघितला. बघताक्षणी समजलं. त्याच्या फाइलवर खात्रीची सही नव्हती, म्हणून मशिन तिला आत घेत नव्हतं. सही असलेली फाइल ठेवली की काम झालं. एका ओळीचं उत्तर होतं, आणि वेळही भरपूर होता. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून पाय लांब केले होते.

मी उत्तर टाइप केलं, एकदा वाचलं आणि पुसून टाकलं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. दिसाव्यात म्हणूनच मी तो उघडला होता.