चाकामागचा दगड

स्वावलंबन हा चारित्र्याचा पाया आहे, असे मी इंदापूरच्या कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्याच पायावर एका रविवारी मी आमच्या जुन्या गाडीचे पुढचे ब्रेकपॅड अंगणात स्वतः बदलायला बसलो.

शेजारचे आबा न बोलावता आले. त्यांनी जन्मभर कारखान्याला उसाची बैलगाडी हाकली. कोणतीही उभी गाडी दिसली की ते आधी तिच्या चाकामागे दगड लावतात. माझी सायकलही त्यातून सुटलेली नाही. दगड लावून ते उकिडवे बसले आणि माझ्या प्रत्येक खटपटीला "व्हय, ब्येस," म्हणत राहिले.

काम संपले. बायको दुसऱ्या दिवशी याच गाडीने बारामतीला माहेरी जाणार होती. ती म्हणाली, "मी एसटीनं जाते."

माझा पडलेला चेहरा पाहून आबा उठले. "सूनबाई, आदी मी बसून येतो. मास्तरांनी येवढं जीव लावून केलंय."

मला भरून आले. गावाबाहेरच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी अभिमानाने शेजारी पाहिले. आबांचा एक पाय दाराबाहेर होता आणि मांडीवर तो दगड.