लोंब्यांचा कठडा

"कसं दिसायला हवं?" असं नागसेनला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. तोवर लोक फक्त मापं सांगायचे. कोराडीच्या वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली वीस वर्षं त्याने पाइप कापले, जोडले. मग घराच्या पुढच्या पडवीत स्वतःची भट्टी घातली आणि खिडक्यांच्या जाळ्या, टाक्यांचे स्टँड, फाटकं करत राहिला. वस्तीजवळ नवं सार्वजनिक वाचनालय उभं राहू लागलं, तेव्हा तिथली आर्किटेक्ट दामिनी त्याला शोधत आली. जिन्याचा कठडा तिला बाजारातला नको होता. भट्टीत तापवून हाताने ठोकलेला हवा होता.

"नक्षी तुम्हीच ठरवा, भाऊ," ती म्हणाली. "फक्त हातोडीच्या खुणा दिसू द्या."

नऊ दिवस त्याने भट्टी पेटवलीच नाही. फरशीवर खडूने पूर्ण मापाचा कठडा काढायचा, पायाने पुसायचा, पुन्हा काढायचा. त्याची बायको माया पाण्याची बादली घेऊन त्या रेघांवरून उड्या मारत जाई.

"घर हाय का नकाशा हाय?"

शेवटी त्याला आईच्या माहेरचं, कुहीकडचं धान आठवलं. कापणीआधी दाण्यांच्या भाराने वाकलेलं. प्रत्येक गजाच्या टोकाला त्याने एकेक लोंबी वाकवली. एकशे बारा लोंब्या. त्यांच्या वर हात ठेवायला रुंद पट्टी, आणि तिच्यावर हातोडीचे दाट ठोके. कानस मारून झाली की तो पट्टीवरून तळवा फिरवी. काम शिकवणाऱ्या उस्तादाने लावलेली सवय. तळव्याला काही लागलं नाही म्हणजे काम पुरं.

उद्घाटनाला भाषणं झाली, फोटो झाले. त्यानंतरही नागसेन रोज संध्याकाळी वाचनालयासमोर स्कूटर लावून उभा राही. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कठड्याला कोणी हातच लावत नव्हतं; लोक हात जवळ नेत आणि मागे घेत.

"लोक जपून राहिले वं त्याले," तो घरी येऊन मायाला म्हणाला. मायाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती भात वाढत राहिली.

पुढच्याच आठवड्यात त्याला जिन्यावर इंदूबाई दिसल्या. सत्तरी कधीच ओलांडलेल्या, रोज पेपर वाचायला येणाऱ्या. उजव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं, आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीला धरून एकेक पायरी उतरत होत्या.

"मावशी, हाताले काय झालं?"

"ह्या कठड्यानं सोललं. पाय घसरला म्हणून घट्ट धरला, तं हे पाहा." त्यांनी फडकं सोडून दाखवलं. अंगठ्याखाली लांब चीर होती, कडेला काळी पडलेली. "कोनं बनवला बाप्पा! त्यानं माणसाचा हात कधी पाह्यला नसन."

"ठेकेदाराचं काम असन," नागसेन म्हणाला.

बोलला आणि त्याचे कान तापले. इंदूबाई मान हलवत निघूनही गेल्या होत्या. त्याने पट्टीवरून तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत. त्याला काहीच लागलं नाही.

घरी उरलेल्या पट्टीचा तुकडा त्याने मायापुढे धरला. तिने हात फिरवला आणि चटकन मागे घेतला.

"लागते."

"कुठं? मले तं काहीच लागून नाही राहिलं."

"तुमाले कसं लागन? तव्यावरची भाकर बोटानं उलथता तुम्ही. तो हात राह्यला हाय का?"

"मंग तवाच काहून नाही बोलली?"

"कोनाले विचारलं तुम्ही?"

त्याला जेवण गेलं नाही. म्हातारीचा हात चिरला, याचं दुःख होतंच. पण त्याहून खाली काहीतरी रुतलं होतं. कौतुक होत असताना "मी बनवला" म्हणायला त्याला क्षणही लागला नव्हता.

सकाळी त्याने दामिनीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खुणा पुसल्या जातील, भाऊ."

"जाऊ द्या, ताई."

दहा वाजता तो कानस घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीशी थांबला. इंदूबाई आल्या.

"मावशी, कठडा मीच बनवला. काल तुमाले खोटं सांगितलं."

त्यांनी त्याला खालीवर पाहिलं. "मंग काल तोंडात काय होतं गा? तंबाखूचा खर्रा?"

नागसेनने मान खाली घातली. "कुठं लागते ते मले समजतच नाही. माझा हात मेला हाय. तुम्ही सांगान का?"

"एक हात फाडला, आता दुसरा मागून राहिला!" म्हणत इंदूबाईंनी डावा तळवा पट्टीवर हलकेच ठेवला. बोटभर सरकवला. "इथं."

तो गुडघ्यावर बसून घासू लागला. आवाज ऐकून वाचनकक्षातले दोन-चार म्हातारे हातात पेपर धरूनच बाहेर आले. काय चाललं, कोणीतरी विचारलं. इंदूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी बनवलेला कठडा हाय," नागसेन म्हणाला. मान वर करणं त्याला जमलं नाही. "लोकांच्या हाताले लागते, म्हणून घासून राहिलो."

म्हातारे तिथेच उभे राहून घासणं बघत राहिले. त्यांच्या नजरांपेक्षा शिव्या बऱ्या, असं त्याला वाटलं. ठोक्यांच्या खुणा सपाट होत गेल्या, काळ्या पट्टीवर नागडं लोखंड चकाकू लागलं. दुपारपर्यंत चारच पायऱ्या झाल्या. खाली अजून अठरा होत्या.

इंदूबाईंचा हात पुढे सरकला आणि थांबला.

"इथं बी हाय," त्या म्हणाल्या.

त्याने कानस तिथे टेकवली.