वीस पोरं आणि एक सुई

बायजी सापाला भीत नसे, नवऱ्याला तर मुळीच नाही. पण हातात कागद घेतलेला माणूस दिसला की मात्र ती भ्यायची.

तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत ती हंगामी वसतिगृहाचा स्वयंपाक करी. वसतिगृह म्हणजे इमारत वगैरे नव्हे. एक चूल, दोन पातेली आणि बायजी. दिवाळी सरली की आईबाप वीटभट्टीवर जात. पूर्वी पोरंही जात आणि शिकलेली अक्षरं भट्टीतच ठेवून परत येत. आता त्यांनी चुलत्या-मामाकडे राहून शिकावं म्हणून सरकार त्यांच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसे देई. अट एकच: तपासणीला वीस पोरं समोर हवीत. एक जरी कमी भरलं, तर चूल बंद आणि पोरं भट्टीवर. पटावर पोरं होती नेमकी वीस.

२०१८च्या डिसेंबरात तपासणीची पांढरी जीप आली. आठवड्यापूर्वी शेजारच्या पाड्यावर अशाच जीपमधून गोवराची सुई आली होती; इथं ती येत्या सोमवारी यायची होती. खिडकीशी बसलेलं लडक्या नावाचं पोर ओरडलं, "सुईवाले!" आणि वर्ग रिकामा. उरली चार, तीही सुनील गुरुजी दारात आडवे उभे राहिले म्हणून.

"बाई, कागदावर वीस, समोर चार," तपासणीचे साहेब म्हणाले. "बाकीची काय वारा खाऊन राहतात?"

भट्टीकडे निघालेला ट्रक बायजीला डोळ्यांसमोर दिसू लागला. "हायत सायेब. आणते."

नदीकाठच्या करंजाला पानांपेक्षा पायच जास्त लोंबत होते.

"उतरा रे! नुसती मोजणी हाय, सुई नाय!"

"जंताच्या गोळीला तू गूळ म्हणालेलीस," वरून लडक्या. "सायबाचे खिसे दाखव आधी."

बायजी परतली आणि चक्क साहेबांना म्हणाली, "सायेब, झाडाखाली चला. खिसे उलटे करून दाखवा." गुरुजींनी डोळेच मिटले.

साहेब आले. खिशांतून रुमाल निघाला, तंबाखूची डबी निघाली आणि पूर्ण टकलाच्या मालकाचा कंगवा निघाला. पेन दिसताच सगळे पाय एक फांदी वर सरकले. साहेबांनी निमूटपणे स्वतःच्या तळहातावर रेघ ओढून दाखवली. मग एकेक पोर उतरलं. शाळेतली चार धरून एकोणीस झाली.

शेंड्यावर जानी उरली, पहिलीतली. "मावशे, सुई कधीच नाय ना?"

एका 'नाय'वर काम भागलं असतं. साहेबांचं पेन एकोणिसावर थांबलं होतं.

"आज नाय," ती म्हणाली. "सोमवारी हाय. दुखंल थोडं. मी हात धरून बसंन."

खाली उतरलेल्यांपैकी तिघांनी पुन्हा खोडाला मिठी मारली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

फांदी करकरली. जानी घसरत घसरत आली आणि थेट बायजीच्या गळ्यात पडली.

"वीस," साहेब म्हणाले.

बायजीनं ऐकलंच नाही. जानीला एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं तिनंही खोड धरलं होतं.