दाताखालची लवंग

८ फेब्रुवारी, रविवार. मी तूरडाळ निवडत बसले होते, तेवढ्यात मोबाइलवर मेल आला. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र मी घेत होते. त्यासाठी पाठवलेला माझ्या धड्याचा व्हिडिओ नापास झाला होता. वीस मिनिटांत विद्यार्थिनी सहाच वाक्यं बोलली, बाकी सगळं शिक्षिकाच बोलते, असा शेरा होता. दुसरा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि ती शेवटची संधी होती.

विद्यार्थिनी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला शेरा वाचून दाखवला.

"खरंच हाय की! अक्का, तुम्हीच बोलून राहिल्या तर मी कवा बोलू?"

लातूरच्या शिकवणीत अठरा वर्षं मी बोलत आले आणि पोरं लिहून घेत आली. ती सवय एका दुपारीत कशी जाणार? जावेने मसाल्याच्या डब्यातून लवंग काढून दिली.

"ही दाताखाली धरा. चावायची न्हाई."

व्हिडिओ सुरू करून मी एक प्रश्न विचारला आणि लवंग दाताखाली धरली. जाऊ अडखळली, थांबली. मी गप्प राहिले. मग तिने देगलूरच्या माहेरच्या किराणा दुकानाबद्दल मोडक्यातोडक्या इंग्रजीत बरंच काही सांगितलं. बारा वर्षं एका घरात राहून त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

मी पास झाले ती तिच्यामुळे. निकाल काही दिवसांनी आला. पण व्हिडिओ पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शिकवणीत मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, लवंग तोंडात टाकली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.