लग्नघराची हळद आधी

शिरड शहापूरच्या सटवाजीची साधना म्हणजे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीवर विसंबून जगणारी पोरगी. हिंगोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला येऊन तिला तिसरं वर्ष लागलं होतं, पण वर्गात तिनं कधी शंका विचारलेली कुणाला आठवत नव्हती. शंका नव्हत्या असं नाही, पोतंभर होत्या. विचारल्या तर आपल्याला काही येत नाही हे जगाला कळेल, ही भीती. शेवटी तिनं ठरवूनच टाकलं की हे आपलं काम नव्हे. रविवारी संध्याकाळी वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन करायचा आणि कॉलेज सोडते म्हणून सांगून मोकळं व्हायचं.

मध्येच हॅकेथॉन आडवी आली. शनिवार-रविवार एवढ्या दोन दिवसांत, रोजच्या एखाद्या अडचणीवर चालेल असं ॲप बनवून परीक्षकांना दाखवायचं, अशी ती स्पर्धा. साधनाची मैत्रीण आकांक्षा हिनं तिला न विचारताच दोघींची नावं देऊन टाकली. साधना आधी चिडली, मग म्हणाली, जाता जाता हेही बघून घेऊ.

अडचण कुठली घ्यावी यावर आकांक्षाचं घोडं अडलं, तेव्हा साधनाच्या तोंडून हळदीचा कुकर निघाला. उन्हाळ्याच्या तोंडाला हळद काढली की ती शेतातच शिजवावी लागते. त्यांच्या आळीत कुकर एकच, रामप्रसादचा. ट्रॅक्टरला जोडून तो या शेतातून त्या शेतात जातो आणि कुणाचा नंबर कधी, हे फक्त रामप्रसादच्या डोक्यात. त्यामुळे त्या बिचाऱ्याला सकाळी लोक धड चहाही पिऊ देत नाहीत. नियम एवढाच, ज्यानं आधी काढली त्याची आधी, आणि घरात लग्न असेल तर ते घर सगळ्यांच्या पुढे. लग्नघराला कुणी अडवत नाही.

आकांक्षा हिंगोली शहरातच वाढलेली. ती विचारत गेली, साधना सांगत गेली. शनिवारी दिवस मावळेपर्यंत ॲपमध्ये नावं आली, नंबर आले, 'घरात लग्न आहे' अशी एक चौकटही आली आणि सगळ्यांना मेसेज धाडणारं बटणही आलं. अडलं तिथं शेजारच्या टेबलावरच्या पोरांना विचारलं. त्यांचंही अडत होतं. पूर्ण कुणालाच येत नव्हतं, फक्त बाकीचे ते लपवत नव्हते. हे पाहून साधनाला फार बरं वाटलं.

घोटाळा रविवारी सकाळी झाला. तपासणीसाठी खोटी नावं भरायची असतात. पण कुकरचा नंबर म्हटल्यावर साधनाला खोटी नावं सुचेचनात. तिनं आळीतली खरी माणसं खऱ्या मोबाइल नंबरसकट भरली आणि लग्नाची चौकट चालते का बघायला किशनरावांच्या नावापुढे खूण केली. त्यांची लेक पुनम तिच्याच वयाची, म्हणून ते घर आधी आठवलं. मग बटण दाबलं. सगळ्यांच्या मोबाइलवर साधनाच्या नावानं मेसेज गेला की आज पहिला नंबर किशनरावांचा, कारण घरात लग्न आहे.

पुनमचं लग्न कुठं ठरलं होतं! स्थळंसुद्धा बघायला सुरुवात झाली नव्हती. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला, साधनानं तो उचलला नाही. परत वाजला. आपण अण्णांना गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आता कॉलेज सुटलंच, असं वाटून ती तिथंच रडायला लागली. आकांक्षानं तिला दंडाला धरून मार्गदर्शन करणाऱ्या सरांपुढे उभं केलं. तिथं साधनानं तीन वर्षांत पहिल्यांदाच सरांना शंका विचारली, "सर, गेलेला मेसेज परत घेता येतो का?"

सर म्हणाले, ते आता जमणार नाही, पण दुसरा पाठवता येतो. तपासणी कशी करतात हे त्यांनी शेजारी बसून दाखवलं आणि पहिल्या नोकरीत आपण याहून मोठा गोंधळ घातला होता, तोही सांगून टाकला. दोघींनी माफीचा मेसेज पाठवला. दुपारी परीक्षकांपुढे साधनानं हा सगळा घोटाळा स्वतःच्या तोंडानं सांगितला. परीक्षक पोट धरून हसले आणि मग बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. प्रत्येकाचं उत्तर तिनंच दिलं. बक्षीस दुसऱ्यांना गेलं, पण तिचं लक्ष तिकडं नव्हतंच. अण्णांशी बोलणं अजून बाकी होतं.

संध्याकाळी जिन्यात उभं राहून तिनं फोन लावला.

"काहून फोन उचलून न्हाई राहिलीस, माय?" अण्णा म्हणाले. "इकडं किशनरावच्या शेतात सकाळपासून कुकर चालू हाय."

माफीचा मेसेज कुणी उघडलाच नव्हता, सगळे किशनरावांचं अभिनंदन करायला गेले होते. किशनराव आधी भडकले. पण हळदीचा ढीग कधीचा पडून होता, आणि पहिला नंबर आपला म्हटल्यावर राग निवळला. लग्न ठरेल तेव्हा ठरेल, आधी हळद शिजू द्या, असं ते येईल त्याला सांगत होते. पुनम तर नवरा कोण ते तरी कळवा म्हणून हसत होती. हे ऐकून साधनाचा जीव भांड्यात पडला. जिन्याच्या पायरीवर ती बसली आणि रडता रडता हसायला लागली.

"अन् ऐक," अण्णा म्हणाले, "रामप्रसादनं आज निवांत बसून चहा पिला. इचारून राहिला, उद्याचे नंबर कवा टाकतीस?"

कॉलेज सोडायचं वाक्य तिनं आठवडाभर घोकून ठेवलं होतं. ते आता तिला आठवेचना.

"आजच टाकते, अण्णा," ती म्हणाली. "फक्त लग्न नसलं तरी लग्नाच्या चौकटीत खूण होती, एवढी एक चूक राहिली हाय. ती कशी काढायची ते उद्या वर्गात सरांना इचारते."